आत्या आणि ट्रॅम्पोलिन

बर्मिंगहॅम, नोव्हेंबर २०२३

ती. अण्णा आणि आई यांस,

आत्या सुखरूप आहे. बर्मिंगहॅमचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही.

ऐन दिवाळीत इथे ट्रॅम्पोलिनची जागतिक स्पर्धा होती. तुमच्या नातीनं हट्ट धरला, तिकिटं काढली. आत्याला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून तिलाही नेलं. कानटोपी, शाल, गुडघ्याला पट्टा आणि पिशवीत तिनंच आणलेल्या चकल्यांचा डबा.

ट्रॅम्पोलिन म्हणजे लोखंडी चौकटीत स्प्रिंगांनी ताणून बसवलेली जाळी. पोरगी आधी नुसत्या सरळ उड्या मारत उंची कमावते. पाय रोवले की जाळी पार खाली जाते आणि पुढच्या क्षणी पोरगी छतावरच्या दिव्यांकडे निघालेली असते. मग सलग १० कसरती, कोलांट्या आणि गिरक्या. हवेत किती वेळ राहिली ते यंत्र मोजतं, त्याचेही गुण. शेवटी दोन्ही पायांवर उतरून ३ सेकंद पुतळ्यागत उभं राहायचं. एवढं झाल्यावर मला तर ३ दिवस आडवं राहावं लागलं असतं.

संगीत वगैरे काही नाही. एवढी माणसं बसलेली, पण ऐकू येते ती फक्त स्प्रिंगांची करकर. त्या शांततेत आत्यानं चकली मोडली. पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. आत्यानं डबा पुढे केला, "घ्या की."

पहिलीच मुलगी उडाली तशी आत्या म्हणाली, "आगं बया, आपल्या शेळीचं करडू बी एवढं उडत न्हाई!" चौकटीच्या कडेला काही माणसं गादी धरून उभी असतात, मुलगी भलतीकडे निघाली तर खाली सरकवायला. आत्याचा प्रश्न, "मग आधीच का आंथरत न्हाईत?" उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

खरी अडचण पुढे झाली. जाळीच्या मधोमध खूण असते, तिथून जितकं लांब उतराल तितके गुण कापतात, हे मी तिला समजावलं. आत्या बिथरलीच. "जागच्या जागी उड्या? मग पळायचं कवा?" आपल्या धाराशिवचं माणूस खो-खोवर वाढलेलं. मी म्हटलं, खो-खोत पाठलाग करणारीला मागे वळायची बंदी, इथे बाजूला सरकायची. "मागं वळायचं कशाला, शेजारी खो द्यायला माणूस असतंय," म्हणाली. यावर काय बोलणार?

शेजारी एक इंग्रज आजीबाई होत्या. दोघींमध्ये दुभाष्या मी. आत्यानं खो-खोवाल्या सारिका काळेची कहाणी लावली. आमच्या गावची पोरगी, २०१६ला गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलेल्या संघाची कर्णधार, २०२०चा अर्जुन पुरस्कार. आजीबाईंनी विचारलं, "त्या किती उंच उडतात?" आत्या म्हणाली, "तिला सांग, उडत न्हाईत, सूर मारत्यात. आन् गावाकडं खाली गादी नसती, माती असती."

मग आजीबाईंनी त्यांची कहाणी लावली, ट्रॅम्पोलिनवाल्या ब्रायोनी पेजची. रिओ ऑलिंपिकला रौप्य, टोकियोला कांस्य. शेफील्डला जीवशास्त्र शिकली आणि प्रबंध लिहिला तो डायनासोर कसे आवाज काढत असतील यावर. आत्याला डायनासोर समजावताना माझी जी त्रेधा उडाली, ती वेगळ्या पत्रात लिहीन.

शेवटी हीच ब्रायोनी जगज्जेती झाली. ती जाळीवर उतरून स्थिर उभी राहिली मात्र, आत्या ताडकन उठली (गुडघ्याचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं) आणि गरजली, "आई राजा उदो उदो!" आजीबाईही लगेच हात वर करून सुरू झाल्या, "उडो, उडो!"

घरी आल्यापासून तुमची नात सोफ्यावर सराव करते. आत्या उशी धरून कडेला उभी असते आणि पोरगी मधल्या शिवणीवरून सरकली की एक चकली कापते. खालच्या मजल्यावरचे शेजारी आले होते, त्यांनाही कापलेल्या चकल्याच दिल्या.

मे महिन्यात आम्ही येतोय. तोवर अंगणातली नवारीची बाज कुणाला तरी देऊन टाका. देववत नसेल तर लपवा. माळवदावर मात्र मुळीच ठेवू नका.

तुमचा,
धाकटा