तिसऱ्या राउंडचे भाऊ

यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा. प्रत्येक तालुक्याला एक तहसीलदार, एक ठाणेदार आणि एक कटऑफवाले भाऊ. पहिल्या दोघांची बदली होते. तिसऱ्याची होत नाही, कारण त्याला कोणी नेमलेलंच नसतं.

एरवी भाऊ ओळखू येत नाहीत. कोणी कृषी केंद्र चालवतो, कोणी निवृत्त मुख्याध्यापक असतो, कोणी विम्याचा एजंट. सीईटीचा निकाल लागला की मात्र सगळ्यांचं काम एकच होतं: इंजिनिअरिंगच्या प्रवेशात तुमच्या पोराचा नंबर कुठं आणि कितव्या राउंडला लागतो ते सांगणं. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, तोही अर्धा, पण दर अर्ध्या तासानं.

यवतमाळचे आमचे भाऊ बसस्टँडकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानापुढं बसतात. खुर्ची दुकानदाराची, सावली शेजारच्या मेडिकलची. दुकानदार काही बोलत नाही, कारण भाऊंनी तोंड उघडलं की समोरचा माणूस दहा-वीस पानं तरी झेरॉक्स काढून नेतोच. भाऊंच्या मांडीवर एक कापडी पिशवी. तिच्यात गेल्या तीन वर्षांच्या कटऑफच्या याद्या, वर्षावार स्पायरल बाइंडिंग केलेल्या. पानं इतकी हाताळलेली की कॉम्प्युटर शाखेचे आकडे पुसट झालेत. सिव्हिलचे अजून कोरे करकरीत.

या याद्या साध्या माणसाला वाचता येत नाहीत, आणि भाऊंचं सगळं वजन तिथंच आहे. यादीत माणसाचं नाव नसतं, कोड असतो. जीओपेनएच, एलओबीसीओ, जीव्हीजेएस. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होमबाहेरचं, एस म्हणजे राज्यपातळी. भाऊ आता माणसांनाही असंच ओळखतात. लांबून कोणी येताना दिसला की म्हणतात, ‘‘हा आला पाहा, मागच्या सालचा जीव्हीजेएस.’’ कॉलेजांनाही नावानं हाक मारत नाहीत. पुण्याचं सीओईपी म्हणजे 6006, मुंबईचं व्हीजेटीआय 3012, अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी 1002. पहिला आकडा विभागाचा: अमरावतीचा 1, पुण्याचा 6. ‘‘पोट्टा 6006 म्हनून राहिला, पन 1 च्या बाहेर निघनं मुश्कील आहे,’’ हे वाक्य शेजारून जाणाऱ्या माणसाला मटक्याचं वाटेल. ते एका बारावी पास मुलाचं भविष्य असतं.

परवा घाटंजीकडचे एक शेतकरी पहिल्या गाडीनं आले. सोबत मुलगी. कागदपत्रं बियाण्याच्या कंपनीच्या थैलीत, थैलीवर कपाशीचं बोंड. पेरणी अर्धी सोडून आले होते, त्यामुळं उभ्याउभ्याच विचारलं, ‘‘भाऊ, सत्त्याऐंशी आले पोरीले. जमते काय कुठं?’’

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ‘‘सत्त्याऐंशी पॉइंट किती?’’

सीईटीचा परसेंटाइल दशांशानंतर सात घरं चालतो. 2019 पासून ही पद्धत आली. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून नुसते गुण धरत नाहीत. मुलीनं सातही घरं तोंडपाठ सांगितली.

‘‘शंभरात सत्त्याऐंशी म्हन्जे चांगलेच ना?’’ बापानं विचारलं.

‘‘हे मार्क नाही बापा, परसेंटाइल आहे. शंभर पोट्टे धरले तर सत्त्याऐंशी हिच्या मागं उभे आहेत.’’

बापानं खरोखरच मागं वळून पाहिलं. मागं रिक्षावाले उभे होते.

मग भाऊंनी यादी उघडली. बोट ओबीसीच्या रकान्यात वरून खाली सरकलं, थांबलं, पुन्हा वर गेलं. मुलगी शांत उभी होती. भाऊंनी 1002 च्या कॉम्प्युटरचा विषयच काढला नाही, त्याच कॉलेजची दुसरी एक शाखा ‘‘तिसऱ्या राउंडले पाहू’’ म्हटलं, आणि यवतमाळात कॉम्प्युटर मिळेल म्हणाले. बापाच्या चेहऱ्यावरचा घाम उतरला. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘हे मी रात्रीच सांगितलं होतं ना, बाबा.’’

सांगितलं होतंच. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या याद्या कोणालाही फुकट दिसतात, आणि तिनं मोबाइलवर त्या पाहून ठेवल्या होत्या. पण मोबाइल पोरीच्या हातात होता आणि भाऊ खुर्चीत होते. भाऊंची गरज मुलांना नसते, बापांना असते. चार-पाच वर्षांचा खर्च अंगावर घ्यायच्या आधी पोराचा आकडा एका तिऱ्हाइतानं पाहावा आणि दचकू नये, एवढंच बापाला हवं असतं. भाऊ कधी दचकत नाहीत. हा त्यांचा खरा अभ्यास.

‘नाही’ हा शब्दही ते वापरत नाहीत. नंबर नक्की लागणार असेल तर विचारतात, ‘‘फीची काय सोय?’’ काठावर असेल तर तिसरा राउंड. अगदीच अशक्य असेल तर एकदम यवतमाळचं कौतुक सुरू होतं: ‘‘पुन्यात काय आहे? खोलीचं भाडं, मेसचं पानी. इथं घरचा डबा.’’ जाणकार लोक डब्याचा विषय निघाला की उठतात.

होम युनिव्हर्सिटी हे प्रकरण भाऊंचं खास. ज्या विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झाली ते तुमचं होम. आपला जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात. ते 1983 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं. तोवर आपणही नागपूरचेच. आता वणीच्या मुलाला चंद्रपूर दीड तासावर, पण ते गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीत. उमरखेडच्या मुलानं पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, पण तिथलं विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांचं. त्याचं होम मात्र पार अमरावतीला, जिथं तो जन्मात एकदा गेलेला असतो, तोही लग्नाला. भाऊ यावर डोळे मिटून बोलतात. ‘‘घर आनि होम याच्यात फरक आहे,’’ असं ते म्हणाले तेव्हा समोरच्या एका मास्तरांना ते अध्यात्म वाटलं.

तालुक्या-तालुक्यातले भाऊ सारखे नसतात. वणीच्या भाऊंना कोळसा खाणीतल्या नोकरीशिवाय शिक्षणाचा दुसरा उपयोग माहीत नाही. पुसदनं राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री दिले, त्यामुळं तिथले भाऊ परसेंटाइल नंतर विचारतात. आधी विचारतात, मुंबईत ओळख कोणाची? केंद्रीभूत प्रवेशात ओळख चालत नाही हे त्यांना मान्य आहे, पण जीव मानत नाही. कळंबच्या भाऊंची हिंमतच निराळी. ते यादी बघून झाल्यावर चिंतामणीच्या देवळाकडं बोट करतात आणि पुढची जबाबदारी तिकडं सोपवतात.

भाऊंना ही विद्या आली कुठून? एका मुलापासून. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या तळाशी ‘‘आमच्या मोठ्याच्या वेळी’’ असतं. मोठ्याचा प्रवेश काही वर्षांपूर्वी झाला. भाऊंनी त्या उन्हाळ्यात नियमांची पुस्तिका तीनदा वाचली, कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्मवर पानंच्या पानं खर्च केली, सगळे राउंड जागून काढले. मोठा आज हिंजवडीत आहे, चांगलं कमावतो. पण त्याला सीट मिळाली ती राउंड संपल्यावर, कॉलेजात रिकाम्या राहिलेल्या जागेवर, गणपतीच्या आसपास. म्हणजे ज्या शास्त्राचे भाऊ पंडित, त्या शास्त्रानं त्यांच्या घरी काही दिलं नाही. ही हकिकत भाऊ स्वतःच सांगतात, आणि तिचा निष्कर्ष काढतात की शेवटपर्यंत धीर सोडू नये.

सरकार दरवर्षी नियम बदलतं. लोक यावर चिडतात. भाऊ चिडत नाहीत. नियम स्थिर राहिले तर त्यांना कोण विचारणार? 2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशातला 70:30 चा प्रादेशिक कोटा गेला तेव्हा ते आठवडाभर दुखवट्यात होते, पण तो मुख्यतः एक आख्खं प्रकरण पाठ केलेलं वाया गेल्याचा. 2022 मध्ये सीओईपी हेच स्वतंत्र विद्यापीठ झालं. भाऊंनी पिशवीतल्या यादीवर पेनानं नवं नाव लिहिलं. कोड 6006 च राहिला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. 2024 मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिकवणी फी पूर्ण माफ झाली. त्या साली भाऊंच्या खुर्चीपुढं बापांच्या मागं मुली दिसू लागल्या. भाऊंनी त्याचं श्रेय घेतलं नाही, पण नाकारलंही नाही.

सगळ्यात मोठा हादरा 2025 चा. तीनचे चार राउंड झाले. भाऊंच्या मुखात ‘‘तिसऱ्या राउंडले लागते’’ इतकं बसलेलं की चौथा उच्चारताना जीभ अडखळते. शिवाय नवा नियम: पहिल्या राउंडमध्ये पहिली पसंती मिळाली, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी एक मिळाली, की ती घ्यायचीच, पुढचे राउंड बंद. इकडं भाऊंचा जुना उपदेश असा की फॉर्ममध्ये तीनशे ऑप्शन भरता येतात तर तीनशेच भरा, ‘‘जागेचं भाडं पडते काय?’’ आता वरचे सहा ऑप्शन जपून लिहावे लागतात. दारव्ह्याकडच्या एका मुलानं जागा भरायची म्हणून तिसऱ्या क्रमांकावर कुठलंतरी कॉलेज टाकलं आणि दुसऱ्या राउंडला तिथंच अडकला. त्याच्या बापाला भाऊंनी शेतीच्या भाषेत समजावलं: पहिला राउंड म्हणजे धूळपेरणी, उगवलं तर उगवलं, आता मात्र सरकार म्हणते, उगवलं की मोडायचं नाही. बाप कोरडवाहू होता. त्याला लगेच कळलं, आणि त्यामुळंच जास्त वाईट वाटलं.

टीएफडब्ल्यूएसबद्दल भाऊ हळू आवाजात बोलतात. शिकवणी फी माफ असलेल्या या पाच टक्के जादा जागा. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. फुकटाची जागा म्हणून सगळेच तिकडं धावतात, आणि तिचा कटऑफ बऱ्याचदा खुल्या प्रवर्गाच्याही वर जातो. ‘‘फुकट सगळ्यात महाग,’’ भाऊ म्हणतात, आणि शेजारच्याच्या पैशाचा चहा पितात.

दिल्ली विद्यापीठानं 2022 मध्ये वेगळीच सोय काढली. जागा वाटायच्या आधीच संगणक विद्यार्थ्याला अंदाजे क्रमांक दाखवतो, म्हणजे आपण कुठं उभे आहोत ते त्याला कळतं आणि पसंतीक्रम बदलता येतो. कोणीतरी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘‘तो संगनक बापाशी बोलते काय?’’

भाऊंचे अंदाज चुकतात. चुकणारच, कारण ते मागच्या वर्षीचे असतात आणि पोरं या वर्षीची. पण एक भाकीत आजवर चुकलेलं मी पाहिलं नाही. शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडतो, दुकानापुढं रांग लागते, कोणाची जात वैधता अजून समितीकडं, कोणाची नुसती पावती, बायाबापड्या रडकुंडीला येतात. भाऊ पिशवी आवरतात आणि म्हणतात, ‘‘घरी जा. मुदतवाढ होते.’’ संध्याकाळी मुदतवाढ होते.

भाऊंबद्दल माझी तक्रार एकच. त्यांच्या पिशवीत एक डायरी असते आणि तिच्यात निम्म्या तालुक्याचे लॉगिन आयडी आणि पासवर्ड. लोक स्वतःच देतात, ‘‘भाऊ, तुमच्याकडंच राहू द्या.’’ सगळे पासवर्ड जवळपास एकच: यवतमाळ@123. भाऊंच्या हातून वाईट काही होणार नाही, माणूस सरळ आहे. पण ऑप्शन फॉर्म एकदा कायम केला की तो तुमचा, भाऊंचा नाही.

तेव्हा यंदा यवतमाळला याल तर भाऊंना जरूर भेटा, चहा पाजा, यादी दाखवू द्या. ऑप्शन पोरीला स्वतःला भरू द्या, वरचे सहा विचार करून. ओटीपी कोणालाच देऊ नका. आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं आहे ना, ते आजच काढून बघा. त्याला मुदतवाढ मिळेलच याची खात्री भाऊसुद्धा देत नाहीत.