देवही आडवाच आहे

आमच्या लोधीखेड्याला समुद्र नाही, त्यामुळे समुद्रकाठच्या शांततेवर इथे मतं फार पक्की. जून 2025 पासून फिलिपिन्सला जायला भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मग आठवडाभर तिथल्या कोळ्यांच्या एखाद्या निवांत गावात पडून राहायला काय हरकत? हरकत एवढीच, की पडून राहायला निघालेला आपला माणूस दुसऱ्याच दिवशी संत्र्याचा भाव विचारायला व्यापाऱ्याला फोन लावतो, आणि तिसऱ्या दिवशी झुणका कुठं मिळेल ते शोधत किनाराभर हिंडतो.

शांत किनाऱ्याचं पुढं काय होतं, ते फिलिपिन्सच्याच बोराकाय बेटाला विचारावं. शांतता हुडकणारे तिथं इतके जमले की सांडपाणी समुद्रात जाऊ लागलं, आणि 2018 साली सरकारनं बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं. पाहुण्यांच्या सुट्टीपायी बेटालाच सुट्टी टाकावी लागली!

इकडे सौंसरजवळ जामसावळीला मारुतीराया स्वतः आडवा पहुडलेला आहे. उड्डाण करून समुद्र ओलांडलेला देव. किनारे त्यानं कमी पाहिले असतील का? तरी विसाव्याला आमचाच भाग निवडला. (भक्तांच्या रांगांमुळे त्यालाही निवांतपणा नाहीच, ही गोष्ट वेगळी.)

आणि ज्यांना काठावर थरारच हवा, त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला यावं. फिलिपिन्सात लाटांवरच्या खेळांना पैसे मोजावे लागतात. इथं जाम नदीच्या काठी गोटमारीच्या दगडफेकीतले दगड फुकट अंगावर येतात.