वहीत एक रकाना कमी आहे

विरार फास्टने उतरलेला माणूस रात्री नऊला घरी पोचतो, जेवतो आणि मग ज्योतिषाला व्हॉट्सॲप करतो. ‘ताई, पत्रिका दाखवायची होती. कधी येऊ?’ इथून निरोप सुरू होतात. वार कोणता, वेळ कोणती, लोकेशन पाठवा, फी किती, जीपे चालेल का, जन्मवेळ आईला विचारून सांगतो, उद्या ओव्हरटाइम लागलाय, रविवारी येऊ का. अर्ध्या तासाच्या बैठकीसाठी पंधरा-वीस निरोप. असे चार-पाच जातक एकाच रात्री बोलू लागले की कुणाचे पैसे आले, कुणाची वेळ बदलली, कुणाची जन्मतारीख कुठे लिहिली, सगळ्याचा काला होतो.

वसईच्या पारनाक्यापासून नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडपर्यंत आणि पुढे विरारच्या मनवेलपाड्यापर्यंत एकट्याने पत्रिका बघणारे, टॅरोचे पत्ते काढणारे पुष्कळ आहेत. ना कारकून, ना हिशेबनीस. घरातलीच एक खोली, एक फोन आणि एक वही.

माझी भूमिका आधीच सांगतो. ज्योतिषाला मी शास्त्र मानत नाही. पण त्या खोलीत येणाऱ्या माणसाची मला काळजी आहे. तो नोकरी जाईल या भीतीने येतो, मुलीचं लग्न जमत नाही म्हणून येतो, घरातलं दारूचं व्यसन सुटत नाही म्हणून येतो. तो पैसे देतो, वेळ देतो आणि घरात कुणालाही न सांगितलेलं बोलून जातो. एवढं घेणाऱ्याचं दप्तर चोख असलंच पाहिजे. ‘आम्ही साधना करणारी माणसं, आम्हाला हिशेब कुठे जमतो’ हे उत्तर चालणार नाही. हिशेब जमत नसेल तर फी घेऊ नका.

सुरुवात वेळेपासून करा. इथला दिवस लोकलवर चालतो. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. नोकरदाराला संध्याकाळी साडेसहाची वेळ देऊन उपयोग नाही, तेव्हा तो अंधेरी-बोरिवलीच्या गर्दीत लोंबकळत असतो. त्याला रात्री नऊनंतरची किंवा रविवार सकाळची वेळ द्या; घरी असणाऱ्यांना आणि पाळीवर जाणाऱ्यांना दुपारची. आठवड्याच्या वेळा एकदाच ठरवून फोनमधल्या कॅलेंडरवर टाका, दोन बैठकांत पंधरा मिनिटं मोकळी सोडा. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात ठरलेली उत्तरं साठवता येतात, कामाच्या वेळेबाहेर निरोप आपोआप जातो, ‘नवीन’, ‘पैसे आले’, ‘बैठक झाली’ अशी लेबलं लावता येतात. पंधरा-वीस निरोपांचे तीन होतात.

पावसाचा नियमही आजच लिहून ठेवा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचलं आणि लोकल ठप्प झाली. अशा दिवशी बैठक फोनवर होईल की पुढच्या आठवड्यात, हे आधी ठरलेलं असलं की वाद होत नाही.

आता सगळ्यात मोठा घोळ, जन्मवेळेचा. ‘मंगळवारी रात्री साडेबाराला झाला’ असं आजी सांगते. म्हणजे तारीख कुठली? घरातल्या बोलण्यात उजाडेपर्यंत मंगळवारच असतो. पंचांगाचा वारही सूर्योदयाला बदलतो. सॉफ्टवेअरची तारीख मात्र मध्यरात्री बारालाच उलटते. तिथे एका दिवसाची चूक झाली की चंद्र सुमारे १३ अंश सरकतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खं नक्षत्र. पत्रिका जुळवताना ३६ गुण चंद्राच्या राशी-नक्षत्रावरूनच मोजतात. म्हणजे ‘मंगळवार रात्र’ या दोन शब्दांवर एखादं चांगलं स्थळ मोडू शकतं.

म्हणून जन्मवेळ तोंडी घेऊ नका, फॉर्मवर घ्या. तारीख विचारा. वेळ २४ तासांच्या घड्याळात विचारा. त्याखाली एक ओळ टाका: ‘जन्म मध्यरात्रीनंतरचा असेल तर बारा वाजून गेल्यावरची तारीख लिहा.’ जन्मगाव आणि सध्याचा पत्ता वेगवेगळे विचारा, कारण आज विरारला राहणाऱ्याच्या आईचं बाळंतपण माहेरी, राजापूरला नाहीतर साताऱ्याला झालेलं असतं, आणि एकच रकाना दिला की लोक विरार लिहून मोकळे होतात. शेवटी विचारा, वेळ कुठून कळली? जन्माच्या दाखल्यावर वेळ नसते. ती प्रसूतीच्या वेळच्या दवाखान्याच्या कागदांवर सापडते. ‘दवाखान्याचा कागद’, ‘घरच्यांच्या आठवणीतून’, ‘माहीत नाही’ असे तीन पर्याय द्या. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. आठवणीतली वेळ तेवढी सहज हुकते. ज्याने तिसरा पर्याय निवडला त्याला लग्नकुंडलीवरून मिनिटामिनिटाचं भविष्य सांगू नका. घरातल्या आजोबांची पत्रिका आली तर अजून जपून: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशातली घड्याळं एक तास पुढे होती, आणि मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजोबांची वेळ यांतल्या कुठल्या घड्याळाची, ते विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ज्योतिष न मानणाऱ्याने या गणिताची एवढी चिकित्सा का करावी? कारण जातकाला ती ‘तुमची पत्रिका’ म्हणून दिली जाते. दुसऱ्याच दिवसाची कुंडली त्याच्या हातात ठेवणं ही फसवणूक आहे, मग ज्योतिष खरं असो की नसो.

पैशांचं. ‘मनाला येईल ते द्या’ हे ऐकायला गोड आहे, पण समोरचा अवघडतो आणि भीतीपोटी ऐपतीपेक्षा जास्त देतो. फी किती, वेळ किती, प्रश्न किती, वेळ बदलायची तर किती तास आधी कळवायचं, हे चार ओळींत लिहून पाठवा. वेळ पक्की करतानाच यूपीआयने पैसे घ्या. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, खातं उघडून रक्कम बघा. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा, पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं काढा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी येते, हे लक्षात असू द्या. लहान धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातून परत पाठवा.

आणि प्रत्येक रकमेची क्रमांक घातलेली पावती द्या. बैठकीची द्या, तशीच शांतीची, खड्याची, यंत्राचीही द्या. या धंद्यातली लूट फीमध्ये होत नाही, फीनंतर सांगितलेल्या उपायांत होते. तिथे पावती नसते, म्हणून तिथे लाज नसते. जी रक्कम पावतीवर लिहायला हात कचरतो, ती घेऊच नका.

त्यानंतर गुपित. जातकाचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर आणि ‘नवरा संशय घेतो’ हे वाक्य, हे सगळं एकाच चॅटमध्ये पडलेलं असतं. तोच फोन संध्याकाळी मुलं गेम खेळायला घेतात. त्याहून वाईट म्हणजे ती पत्रिका नावासकट ज्योतिषांच्या ग्रुपवर ‘विवेचनासाठी’ टाकली जाते. तुमचे जातक याच पट्ट्यातले. एकाच सोसायटीत राहणारे, एकाच डब्यातून जाणारे. ग्रुपवरचा स्क्रीनशॉट त्यांच्या जिन्यापर्यंत पोचायला एक दुपार पुरते. दुसऱ्याचं मत घ्यायचं असेल तर जातकाला विचारा, नाव-गाव काढा, मगच टाका. कामाचा फोन वेगळा ठेवा, त्याला कुलूप लावा. काम संपल्यावर किती महिन्यांनी माहिती पुसणार, हे फॉर्मवरच लिहा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, संमती काढून घेतली तर पुसून टाका, अठरा वर्षांखालच्या मुलाची असेल तर आईवडिलांची संमती घ्या, हा त्याचा गाभा. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला मुदत दिली आहे म्हणून थांबू नका. बाळाच्या नामकरणाची पत्रिका करणाऱ्याला तर पहिल्या दिवसापासून हे लागतं.

साठवलेल्या मजकुरांबद्दलही एक इशारा. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, मेषेची साडेसाती सुरू झाली. अशा वेळी भीतीचा एकच मजकूर शेकडो लोकांना एका बोटाने पाठवता येतो. पाठवू नका. ज्योतिष सांगणं हा गुन्हा नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिषाचा सल्ला, अगदी नंदीबैलवाल्याचासुद्धा, वगळलेला आहे. पण मंत्राने, कवचाने, ताईताने आजार बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे, आणि त्या कायद्यात छापील पत्रकही जाहिरातच धरलेलं आहे. चमत्कारी यंत्रांच्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं. आजाराचा प्रश्न आला की साठवलेलं उत्तर एकच असावं: ‘डॉक्टरांकडे जा.’

एवढं केलंत की आठवड्यातले कितीतरी तास मोकळे होतील. त्यातला थोडा वेळ मी मागतो आहे, एका रकान्यासाठी.

तुमच्या वहीत जातकाचं नाव आहे, तारीख आहे, कुंडली आहे, जमा रक्कम आहे. तुम्ही काय सांगितलंत ते नाही, आणि पुढे काय झालं ते तर नाहीच. ते लिहा. ‘पुढचा काळ चांगला आहे’ असं नाही. ‘मार्चअखेरपर्यंत नोकरी लागेल’ असं, मुदत घालून, एका वाक्यात. कॅलेंडरवर मुदतीची आठवण लावा. त्या दिवशी जातकाला एक ओळ पाठवा: ‘झालं का?’ उत्तर शेजारच्या रकान्यात लिहा. टॅरोवाल्यांनी मांडलेल्या पत्त्यांचा फोटो तारखेसह ठेवावा. ‘आम्ही भविष्य सांगत नाही, दिशा दाखवतो’ असं म्हणत असाल तर कुठली दिशा दाखवली ते लिहा आणि तीन महिन्यांनी विचारा, ती कामाला आली का.

ही नोंद नसल्यामुळे काय होतं? ज्याचं जुळलं तो पेढे घेऊन येतो. ज्याचं जुळलं नाही तो पुन्हा फिरकत नाही. तुमच्यापर्यंत फक्त पेढे पोचतात, आणि आपलं सगळं जुळतं अशी तुमची प्रामाणिक समजूत होते. यात लबाडी नसेलही. दप्तरात भोक आहे एवढं नक्की.

नोंद ठेवून बघितलं तेव्हा काय दिसलं, तेही ऐका. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून कोणती कुणाची ते लिहून कळवलं. बरोबर आलं साधारण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘प्रश्नच चुकीचा होता’, ‘ते ज्योतिषी चांगले नव्हते’ असे आक्षेप असतील तर तुमचा प्रश्न, तुमचा जातक, तुमची पद्धत घ्या. दुसऱ्या कुणाच्या परीक्षेला बसू नका, स्वतःची वही पुरेशी आहे.

वर्ष झालं की बेरीज करा आणि ती फीच्या पत्रकावर, फीच्या आकड्याच्या वर छापा: सांगितली इतकी, जुळली इतकी, कळलं नाही इतकी. आणि जातकांनो, पुढच्या वेळी ‘ताई, कधी येऊ?’ विचारण्याआधी ते पत्रक मागा. आकडे दिसले तर जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आकडे नसतील तर एक रुपयाही देऊ नका.