यादीवाला

पाणथळीवर येणाऱ्या पक्षीनिरीक्षकांत यादीवाला हा सर्वांत सहज ओळखू येणारा वर्ग आहे. पक्षी पाहणे हा त्याचा छंद असतो आणि पाहिलेले पक्षी मोजणे हा धर्म. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात तो ऑक्टोबर ते मार्च या काळात हमखास आढळतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आणि पाहुण्या बदकांची सोय झाली. 1986 साली हे अभयारण्य जाहीर झाले. 2020 साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतला रामसर दर्जा मिळाल्याची घोषणा झाली आणि हा मान मिळवणारी ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ ठरली. म्हणजे ही जागा स्वतःच एका यादीत आहे. यादीवाल्याला तिच्याविषयी वाटणाऱ्या आदराचे हे एक कारण.

निफाडच्या थंडीत तो पहाटेच अभयारण्याच्या काठावरच्या चापडगावला दाखल होतो. अंगात चिखलाच्या रंगाचे, अनेक खिशांचे जाकीट, गळ्यात आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि हातात मोबाईल असतो. घरी दूध आणायला सातला उठवावे लागणारा हाच माणूस इथे साडेपाचला उठून इतरांना उशिरा आल्याबद्दल बोलतो. समोर दुसरा निरीक्षक भेटला की नमस्काराच्या आधी ‘काय मिळालं?’ हा प्रश्न येतो. उत्तरात आपल्या यादीत नसलेला पक्षी निघाला, तर ‘वा!’ म्हणताना त्याचा आवाज किंचित बसतो. तो पक्षी नेमका कोणत्या मनोऱ्यावरून दिसला, हे मात्र तो त्याच बसलेल्या आवाजात तीनदा विचारून घेतो.

नेहमीच्या पक्ष्यांशी त्याचे वागणे तुटक असते. वारकरी पक्ष्यांचा काळा थवा पाण्यावर पसरलेला असतो. यादीवाला त्याकडे एकदाच पाहतो आणि ‘पाचशे’ असे लिहून मोकळा होतो. हळदीकुंकू, थापट्या, तलवार बदक यांना एकेक नजर मिळते. जांभळी पाणकोंबडी पाहून शाळेच्या सहलीतली मुले ओरडू लागली की त्याच्या कपाळावर आठी उमटते. एवढा भडक पक्षी सगळ्यांनाच दिसतो, हा त्याचा त्या पक्ष्यावरचा मुख्य आक्षेप.

त्याचा जीव रमतो तो चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या लहान, करड्या आणि परस्परांसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हा त्याचा आवडता वाद. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. नियम सोपा आहे. अडचण एवढीच, की दोघेही चिखलात उभे असतात आणि चिखलात सगळ्यांचेच पाय काळे. आर्क्टिकच्या परिसरातून हजारो किलोमीटर उडत आलेला तो मूठभर जीव शांतपणे किडे टिपत असतो आणि काठावर दोन निवृत्त अधिकारी त्याच्या पायांवरून एकमेकांशी बोलणे सोडण्याच्या बेतात असतात. तेवढ्यात दलदलीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, सगळा थवा उडतो आणि वाद निकालाविना पुढच्या रविवारावर जातो.

अशा वेळी गावातला वाटाड्या कामी येतो. हा तरुण याच काठावर वाढलेला असतो. ‘सर, त्या बाभळीच्या डावीकडं बघा, कैकर बसलाय,’ असे तो नुसत्या डोळ्यांनी पाहून सांगतो. यादीवाल्याला त्याच्या लाख रुपयांच्या काचेतून फक्त बाभूळ दिसते. पाच मिनिटांनी कैकर सापडला की तो मोबाईलमध्ये स्वतःच्या नावावर जमा होतो.

दुपारपर्यंत संख्येचा प्रश्न ऐरणीवर येतो. यादी 79 वर अडली, तर तो न्याहारी पुढे ढकलतो. मग पार्किंगमधल्या चिमण्या, तारेवरचा कोतवाल आणि उसाच्या शेतातला वेडा राघू यांना अचानक प्रतिष्ठा प्राप्त होते. ऐंशी पूर्ण झाल्यावरच त्याला भूक लागते. मिसळ खाताना ‘आकड्यांत काही नसतं हो, निसर्गाचा आनंद घ्यायचा,’ असे तो नवशिक्यांना सांगतो.

संध्याकाळी तो यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. दुर्मीळ नोंद असेल तर तिथले परीक्षक पुरावा मागतात. त्या संदेशाने त्याचा अपमान होतो. पण फोटो असला तर तो तत्परतेने पाठवतो आणि नसला तर पुढच्या रविवारी पुन्हा चापडगाव गाठतो.

या हव्यासाला हसणे सोपे आहे. परंतु जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना अशाच हौशी लोकांच्या बळावर चालते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात पक्ष्यांच्या 942 जातींचा आढावा घेतला गेला, तोही देशभरातल्या सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर. कोणते पक्षी घटत आहेत, हे त्यातून कळले. यादीवाला पक्ष्यासाठी कमी आणि आकड्यासाठी जास्त पहाटे उठतो, हे खरे. पण पाणथळीचा हिशेब ठेवणारा दुसरा कोणी इतक्या पहाटे उठत नाही.