बरा झाला तर कोंबडा, नाहीतर रस्सा

माणूस आजारी पडला की डॉक्टर कोणता, यावर घरात वाद होतो. कोंबडा आजारी पडला की मसाला कोणता, इथून सुरुवात होते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची म्हण सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातला बेफिकीर सूर परसातल्या कोंबड्याला जितका लागू पडतो, तितका दुसऱ्या कुणालाच नाही. बरा झाला तर कोंबडा, नाहीतर रस्सा.

त्यातून आमच्या कोंबड्यानं लंगडायला मुहूर्त धरला तो आखाडाचा. श्रावणात लंगडला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. महिनाभर निवांत एका पायावर उभा राहिला असता. पण अमावस्या तोंडावर आलेली असताना धडधाकट गावरान कोंबड्यानं पाय उचलून धरायचा, याला काय म्हणावं! “लंगडायलाय की ओ तुमचा कोंबडा,” शेजारचे मामा कुंपणावरून म्हणाले. आवाजात काळजी होती, पण ती माल वाया जाण्याची. “वाळून जायच्या आत बघा काहीतरी.”

बघायला मग सगळी गल्ली आली. आमच्याकडं निदानाला डिग्री लागत नाही, बसायला ओटा असला की पुरतं. एकाच्या मते पाय मुरगळला होता, दुसऱ्याच्या मते अंगावरून वारं गेलं होतं, तिसरीला दृष्टीचा संशय होता. हळद-तेल निघालं, कांद्याचं पोटीस निघालं, एका आजीबाईंनी तर बिब्ब्याचा चटका सुचवला. शेजारचा शाळकरी पोरगा थर्मामीटर घेऊन धावत आला. ते कोंबड्याला लावायचं कुठं, यात थोडा वेळ गेला; तो तपशील इथं नको. पारा १०६ फॅरनहाइटच्या पुढं सरकला आणि मामांनी “गेलाच की!” म्हणून हात जोडले. आता, कोंबड्याचं रोजचं निरोगी अंगच मुळी १०६-१०७ला असतं. पण आखाडात हे ऐकून घ्यायला कुणाला सवड?

खरी खूण पहाटेच दिसली होती. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांच्या आरवण्याचा अभ्यास करून २०१५ साली दाखवून दिलं, की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमानं त्याच्या मागून. आमच्या परसात हा पहिला मान याचा होता. काही दिवसांपासून मात्र धाकटा कोंबडा आधी बांग देत होता आणि हा मागून कसाबसा सूर ओढत होता. दुखणं लपवण्यात पक्ष्यांचा हात धरणारा कुणी नाही. आजारी दिसला की शत्रू टपलेला. आमच्या इथं तर तो कुंपणापलीकडंच उभा होता.

एवढ्या गर्दीत कोंबड्याचा पाय उलटा करून कुणीच पाहिला नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपली रीत. कोंबडा रात्री धरावा. अंधारात त्याला दिसत नाही आणि दांड्यावरून उचलला तरी फार कुरकुर करत नाही. पंच्यात गुंडाळून, टॉर्च लावून पाहिलं तर तळव्याला गरगरीत सूज आणि मधोमध काळी खपली. ज्वारीचं धसकट नाहीतर बाभळीचा काटा रुतला असणार. शिवाय बऱ्या वजनाचा गडी कडुलिंबावरून रोज थेट कोब्यावर उडी टाकणारा. तळवा असा जरा फाटला की स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आत शिरतात. पोटिसानं हे गळू पिकून वाहायला लागेल, हा माणसाच्या गळवावरून बांधलेला हिशेब. पक्ष्याचा पू पातळ होत नाही, आत घट्ट होऊन बसतो. तो आपणहून वाहत नाही, काढावा लागतो.

परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांचं आमच्या गावाला नवल नाही. तरीही देवणी बैल आणि उस्मानाबादी शेळ्यांच्या रांगेत कापडी पिशवीतून मान बाहेर काढलेला कोंबडा घेऊन उभं राहायला छाती लागते. “कितीला घेतला?” पुढच्यानं विचारलं. घरचाच आहे म्हटल्यावर तो आणखीच बुचकळ्यात पडला.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, “बाकीच्या कोंबड्या कशा आहेत?” या एका प्रश्नात निम्मं निदान असतं. एकटाच लंगडत असेल तर दोष बहुधा पायात. सगळं खुराडं मलूल असेल तर गोष्ट वेगळी. मान पिळवटली असेल तर मानमोडी, म्हणजे रानीखेत. एक पाय पुढं आणि एक मागं टाकून पडला असेल तर मारेकचा रोग. बुडापेस्टच्या योझेफ मारेक या पशुवैद्यानं १९०७ साली पाय-पंख लुळे पडलेल्या चार कोंबड्यांवरून तो जगाला सांगितला. त्याला औषध नाही. पिल्लू एक दिवसाचं असतानाच लस टोचावी लागते. पायाचे खवले उचकटलेले असतील तर खाली किडे. आणि तुरे निळसर पडून कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तर हात न लावता सरकारी दवाखान्याला कळवायचं. हे परभणीकराला वेगळं सांगावं लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये इथल्याच मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या दगावल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू सांगितला आणि मग आसपासच्या चांगल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. त्या दिवसांत रस्सा जिल्ह्यातून हद्दपार झाला होता.

आमच्याकडं बाकीच्या कोंबड्या खडखडीत होत्या. डॉक्टरांनी तळवा स्वच्छ केला, आतला खडा काढला, आयोडीन लावून पट्टी बांधली. पट्टी बदलत राहायची, दांडा खाली आणायचा, खाली भुसा पसरायचा. मग औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता सहज म्हणाले, “हे प्रतिजैविक आहे बरं का. औषध चालू असताना आणि संपल्यावरही, बाटलीवर दिलेली मुदत होईपर्यंत, कोंबडा खायचा नाही. औषधाचा अंश मांसात उतरतो.”

इतका वेळ पिशवीत गुमान बसलेला कोंबडा नेमका तेव्हाच ओरडला. मी मनातल्या मनात पंचांग उघडलं. औषध संपेस्तोवर अमावस्या सरत होती आणि मुदत संपेस्तोवर श्रावण बसत होता. पुढं गणपती, महालक्ष्म्या, पितृपाठ, नवरात्र. गडी थेट दसऱ्यापर्यंत सुटला होता.

मामांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच कोंबड्याकडं आदरानं पाहिलं. घरी बायकोनं मात्र हिशेबाची वही काढली. जाऊन-येऊन रिक्षा, औषध, आयोडीन, पट्ट्या, भुसा. बेरीज कोंबड्याच्या बाजारभावाच्या बरीच पुढं गेली होती. तिनं वही मिटली आणि म्हणाली, “एवढा महागाचा रस्सा आपल्याला परवडायचा नाही. राहू द्या त्याला.”

तेव्हा परसातल्या ज्या कोंबड्याला दीर्घायुषी व्हायचं आहे, त्यानं दर आखाडात थोडं लंगडावं. मात्र बेतानं, चिठ्ठीवर औषध येईल इतपतच.