वाळू सिमेंटमध्ये कालवलेली

फोटोग्राफीच्या क्लासमध्ये सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘वाळवंटात कॅमेरा दोनदाच काढायचा. उजाडताना आणि मावळताना. दुपारी झोपायचं.’’ सूर्य खाली असला की ऊन वाळूवरून तिरकं घसरतं आणि एकेका लाटेला स्वतःची सावली मिळते. तोच डोक्यावर आला की अख्खी टेकडी पोळीसारखी सपाट.

हे मला पाठ आहे. त्यातला दुपारच्या झोपेचा भाग तर मी पुणेकर असल्यामुळे क्लास लावायच्या आधीपासून पाळतो. अडलं होतं ते वाळवंट. जैसलमेरचा बेत तीनदा आखला, तीनदा मोडला. म्हणून मे महिन्यात सिमल्याला जाताना चंडीगडला मुक्काम पडला तेव्हा हिला म्हणालो, ‘‘कॅपिटल कॉम्प्लेक्स बघू. तेही वाळवंटच.’’

‘‘वाळू कुठंय तिथं?’’

‘‘आहे की. सिमेंटमध्ये कालवलेली.’’

सकाळी लवकर जायचं ठरलं होतं. पण आलूपराठ्यावर लोण्याचा गोळा विरघळत असताना उठवतं कुणाला? त्या दिवशीचा सोनेरी प्रकाश मी ताटातच पाहिला. ओळखपत्रं दाखवून गाइडच्या मागे निघालो तेव्हा बारा वाजले होते. माझेही.

एका टोकाला विधानसभा, दुसऱ्या टोकाला उच्च न्यायालय आणि मध्ये नुसतं तापलेलं काँक्रीट. उंटाची तेवढी कमतरता. ती मी ट्रायपॉड खांद्यावर घेऊन भरून काढत होतो. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या या कामाला 2016 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, हे गाइड सांगत होता. मी भिंतीला नाक लावून उभा होतो. सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर तसेच उमटलेले. तिरक्या उन्हात काय दिसले असते! कॅमेऱ्यात मात्र भिंत आली ती इस्त्री करून आल्यासारखी.

आवारातल्या भौमितिक टेकडीच्या उतारावर तर चोवीस तासांतला सूर्याचा प्रवासच काढलेला आहे. त्यात माझा पराठा नेमका कुठं येतो, ते हिने बोटाने दाखवलं.

पुढे 26 मीटर उंचीचा ‘ओपन हँड’. कॉर्बुझिए 1965 साली गेला; हा हात उभा राहायला 1985 उजाडलं. तो वाऱ्यावर फिरतो. वळला तर त्याच्या तळव्यावर ऊन बरं पडेल म्हणून मी वीस मिनिटं कॅमेरा रोखून थांबलो. वारा पडलेला. हात जागचा हलेना. माझा मात्र थरथरू लागला.

मग ‘टॉवर ऑफ शॅडोज’मध्ये शिरलो आणि हायसं वाटलं. ऊन चारही दिशांना कसं आवरता येतं, हे दाखवायलाच ही वास्तू. तीन बाजूंना काँक्रीटच्या उभ्याआडव्या पट्ट्या. उत्तरेची बाजू उघडी, कारण दुपारचं ऊन तिकडून यायचंच नाही. आत मऊ, गार उजेड. अख्ख्या वाळवंटातला एकमेव चांगला प्रकाश, आणि त्यात एक माळीबुवा डब्याची पिशवी उशाला घेऊन गाढ झोपलेले. जमिनीवरच्या सावलीची कड त्यांच्या पावलांपाशी बरोबर थांबलेली.

मी ट्रायपॉड उघडू लागलो.

‘‘अहो, राहू दे,’’ ही कुजबुजली. ‘‘सरांनी दुपारी काय करायला सांगितलंय?’’

माळीबुवांच्या पलीकडे बरीच जागा होती.