सही तेवढी दुसऱ्या पानावर

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडत नाहीत. सभा संपल्यावर जो खुर्च्या उचलायला थांबतो, तो होतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि नोटीस १४ दिवस आधी द्यायची, एवढं कायदा सांगतो. ती छापायची कशी, हे मात्र त्याने वसईतल्या झेरॉक्सवाल्यांवर सोडून दिलंय.

नोटीस मी फोनवर टाइप करतो. पडद्यावर ती अशी देखणी दिसते, की नुसती वाचून लोक थकबाकी भरतील असं वाटावं. पण छापायचं म्हटलं की प्रोग्रॅमला पान नव्याने मांडावं लागतं. फाँट कोणता, कागद केवढा, ओळ कुठे तुटणार, आणि प्रिंटरच्या रोलरला धरायला लागते ती कड सोडून जागा उरते किती. या चौघांचं एकमत झालं तरच पान नीट निघतं. चौघांचं एकमत ही काय चीज असते, ते मॅनेजिंग कमिटीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

पहिलं भांडण कागदाचं. आपला ए-फोर २९७ मिलिमीटर उंच, अमेरिकेचा लेटर २७९. आकडे तेच, फक्त दोघांनी जागा बदलल्या. ए-फोरचं माप जर्मनांनी १९२२ साली ठरवलं आणि बहुतेक जगाने ते मुकाट मानलं. अमेरिकेने मानलं नाही. प्रोग्रॅम बरेचसे तिकडचे, त्यामुळे सेटिंग जरा हललं की कागद ट्रेमध्ये ए-फोर आणि पान मात्र लेटरचं. मधल्या अठरा मिलिमीटरांत नेमकं काय राहतं? ‘आपला विश्वासू’ आणि माझी सही. ती दुसऱ्या पानावर जाते. बिनसहीची नोटीस बेकायदा, हे सांगायला दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क आहेतच.

कागदावर तोडगा निघतो हो. अक्षरांवर निघत नाही. वसईत गल्लोगल्ली सापडणारं ‘मार्टिन’ हे नाव घ्या. फाइलमध्ये अर्धा र असतो ट-च्या आधी, पण छापताना त्याला ट-च्या डोक्यावर जायचं असतं. इकार असतो ट-च्या नंतर, त्याला यायचं असतं अलीकडे. संध्याकाळी विरार फास्ट वसई रोडला लागल्यावर उतरणारे आणि चढणारे एकाच दारात भिडतात, तसला हा मामला. फोनमधला प्रोग्रॅम दोघांना शिस्तीत सोडतो. दुकानातल्या जुन्या प्रोग्रॅमला ही विद्या शिकवलेलीच नसते. मग इकार टिंबाटिंबांच्या वर्तुळाला लटकून एकटाच उभा राहतो.

मार्टिन सुटला तरी नालासोपारा अडवतो. आमचा विषय क्रमांक ४ होता, ‘नालासोपाऱ्याच्या कंत्राटदारास गच्चीच्या गळतीचे काम देणे’. तो ‘ऱ्या’ मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही. त्यामुळे हिंदीवर पोसलेले फाँट त्याचा सरळ ‘र्या’ करून मोकळे होतात.

आणि हे घडावं कोणत्या नावात, तर सोपाऱ्याच्या! सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली तिथेच सापडला. अशोकाने एकच मजकूर सोपाऱ्याला ब्राह्मीत आणि पार वायव्येला शाहबाजगढीला खरोष्ठीत कोरून घेतला. फाँट बदलला, फाइल उघडत नाही अशी तक्रार कुठून आल्याची नोंद नाही. आपल्याकडे तुकडेच उरले, म्हणजे कडेला कापलं जाण्याचं दुखणं तेव्हाही होतं म्हणायचं.

डीटीपीवाल्या पोराला हा इतिहास सांगितला. तो आधी रीम फडफडवत होता, कारण पावसाळ्यात आमच्याकडचा कागद दमट हवा पिऊन वाकतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो.

“काका, हा फाँट आमच्याकडे नाहीये. तो एम्बेड केलेली पीडीएफ पाठवा. कर्व्ह करून टाकू?”

कर्व्ह करायचं म्हणजे अक्षरांचं चित्र करायचं. मग फाँट लागत नाही, प्रोग्रॅमचं मत विचारावं लागत नाही. त्याने फोनवरून आलेली पीडीएफ उघडली, सगळं निवडलं, दोन बटणं दाबली. प्रिंट निघाली. ‘नालासोपाऱ्याच्या’ मधला ऱ्या असा ठसठशीत, की फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात लावावा. सहीसुद्धा पहिल्याच पानावर.

तेवढ्यात चेअरमनसाहेबांचा फोन. “अहो, सभा दहाला नको, अकराला ठेवा. रविवार आहे, लोक चर्चमधल्या मिस्सावरून येणार.”

“दहाचं अकरा कर रे.”

“आता कसं होणार, काका? अक्षरं कुठे राहिलीत? चित्र आहे ते.”

“मूळ फाइल?”

“ती तुमच्या फोनात. पीडीएफ, कर्व्ह, सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

त्याने कोऱ्या कागदावर ११ छापले, कात्रीने कापले, डिंकाचं बोट लावून १० वर चिकटवले आणि कागद झेरॉक्सच्या काचेवर पालथा घातला. “किती काढू?”

चिठ्ठीच्या कडेची बारीक काळी रेघ प्रत्येक नोटिशीवर उमटली. हेडक्लार्कांनी ती संध्याकाळपर्यंत हेरली. सभेचा पहिला अर्धा तास नोटिशीत खाडाखोड कोणी केली यावर गेला आणि गच्चीची गळती पुढच्या सभेवर ढकलली.